टेंडरपासून कायद्यापर्यंत : सोलापूरचे ठेकेदार वालचंद हिराचंद

रावळगावची गोळी खाल्ली नाही असा माणूस आपल्याकडं शोधूनच काढावा लागेल. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर तर सगळ्यांना माहीत आहे. मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी ज्या कारखान्यातून निघायची तो प्रीमियरचा कारखाना, सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, मोठमोठी धरणं आणि पूल बांधणारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, या सगळ्यांशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. शेठ वालचंद हिराचंद दोशी.

त्यांची ओळख उद्योगपती म्हणून करून दिली जाते. पण मूळचा हा माणूस ठेकेदार. माती-मुरमाचं, रुळांचं, बोगद्यांचं काम घेणारा. सरकारी काम म्हणजे काय, टेंडर कुणाला मिळतं, बिल कुठं अडतं, हे त्यांनी तरुणपणीच पाहिलं. त्यातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. साहेबाच्या दारात एकट्यानं उभं राहून एखादं काम मिळतं, पण नियम बदलत नाही. नियम बदलायचा तर धंद्यातल्या लोकांची संघटना पाहिजे आणि त्या संघटनेचं म्हणणं कायदे करणाऱ्यांपर्यंत गेलं पाहिजे. आज तालुक्या-तालुक्यात ठेकेदारांची बिलं थकलीत आणि त्यांच्या संघटना आमदारांना, मंत्र्यांना निवेदनं देत फिरताहेत. अशा वेळी ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट वाचण्यासारखी आहे. तिच्यात फायदा कुणाचा झाला आणि कोण मागं राहिलं, हेही पाहण्यासारखं आहे.

सोलापूरचं घर

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातचं, दिगंबर जैन. व्यापारासाठी सोलापुरात येऊन स्थायिक झालेलं. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. वडील हिराचंद नेमचंद हे गावातले वजनदार गृहस्थ, समाजसुधारणेची आवड असलेले. वालचंद जन्मले आणि थोड्याच दिवसांत आई गेली.

शाळा सोलापुरात झाली. पुढं मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज असं शिक्षण झालं, पण पदवी पुरी झाली नाही. घरच्या पेढीवर बसायला सांगितलं तर तिथं मन रमेना. गादीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा काहीतरी उभं करावं असं त्यांच्या डोक्यात होतं.

अशात त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून छोटी-मोठी ठेक्याची कामं घेऊ लागले होते. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हतं. वालचंदांच्या घरात भांडवल होतं. दोघांची भागी जमली आणि ‘फाटक-वालचंद’ ही फर्म उभी राहिली.

पहिलं मोठं काम मिळालं ते आपल्याच भागात, बार्शी लाईट रेल्वेचं. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली होती. पुढं ती तडवळ्याकडं आणि नंतर लातूरपर्यंत न्यायची होती. त्या वाढीव मार्गाच्या कामात हे दोघं उतरले. फाटकांनी साईट सांभाळायची आणि वालचंदांनी पैसा, टेंडर आणि साहेबलोक सांभाळायचे, अशी वाटणी होती.

ठेकेदाराला काय दिसलं

ज्यानं सरकारी काम घेतलंय त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. अनामत आधी भरायची. मजूर, बैलगाड्या, खडी, चुना हे सगळं आपल्या पैशानं उभं करायचं. मग इंजिनिअर येणार, मोजमाप घेणार आणि त्यानंतर बिल निघणार. त्या काळात तो इंजिनिअर बहुधा गोरा असायचा. मोठं काम गोऱ्या कंपनीला आणि त्यातला मातीकामाचा तुकडा देशी ठेकेदाराला, अशी रीत होती. बोगदा, मोठा पूल, धरण अशी कामं भारतीय माणसाला झेपायची नाहीत, असं साहेबाच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

दुसरी अडचण मालाची. रेल्वे आणि सरकारी खात्यांना लागणारं लोखंड, यंत्रं, सामान यांची बरीच खरेदी लंडनमधून व्हायची. टेंडर तिकडं, भाव पौंडात, पैसे तिकडंच चुकते. इथल्या कारखानदारानं तोच माल बनवला तरी त्याला त्या बाजारात पाय ठेवणं कठीण. आपल्या बाजार समितीचा लिलाव दुसऱ्याच देशात होऊ लागला तर आपलं काय होईल, तसाच हा प्रकार.

वालचंद या सगळ्याला पुरून उरले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराला बराकी पाहिजे होत्या. ती कामं फाटक-वालचंदनी वेळेत करून दिली आणि हाताशी पैसा आला. त्यानंतर टाटांबरोबर भागी होऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि तिचा कारभार वालचंदांकडं आला. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटात पूर्वी गाडीला मध्येच थांबून तोंड फिरवावं लागायचं. ते टाळण्यासाठी नवे बोगदे खोदायचं ठरलं. ते काम वालचंदांच्या कंपनीनं केलं. तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन, सिंधू नदीवरचा काळाबागचा पूल ही कामंही त्यांच्याच खात्यावर आहेत. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली. देशी ठेकेदाराला झेपत नाही हे म्हणणं दगडात बोगदे पाडून खोटं ठरवलं गेलं.

पण वालचंदांना कळून चुकलं होतं की आपण एक बोगदा पाडून दाखवला म्हणून नियम बदलत नाही. पुढच्या टेंडरला पुन्हा तीच पायरी आणि तेच दार.

जहाजाचा धडा

हा धडा त्यांना सगळ्यात जास्त शिकवला तो समुद्रानं. सोलापूरच्या ठेकेदाराचा समुद्राशी काय संबंध, असं वाटेल. पण १९१९ साली त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकायचं आहे. युद्धात ते दवाखान्याचं जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन वालचंदांनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच जहाजामुळं.

त्या वेळी आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होती. नवी देशी कंपनी आली की भाडं एकदम पाडायचं, ती बुडेपर्यंत पाडून ठेवायचं आणि ती बुडाली की पुन्हा वाढवायचं, हा त्यांचा जुना डाव. सिंदियाच्या वाट्यालाही तेच आलं. भाडी निम्म्याहून खाली आणली गेली.

त्यात आणखी एक मेख होती. जो व्यापारी आपला सगळा माल त्यांच्याच जहाजातून पाठवेल त्याला भाड्यातला काही भाग परत मिळायचा, पण तो लगेच नाही, काही महिन्यांनी. मधल्या काळात एक पोतं जरी दुसऱ्याच्या जहाजात टाकलं तर सगळी सूट बुडाली. आपल्या गावातला एखादा मोठा आडत्या हंगामाच्या शेवटी सूट देईन म्हणून सांगतो आणि मध्येच दुसऱ्याकडं माल नेला तर हिशेब मिटवून टाकतो, तसंच. शेतकरी बांधला जातो, तसे ते व्यापारी बांधले गेले होते.

शेवटी १९२३ साली सिंदियाला त्या कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला. किती जहाजं चालवायची आणि कुठं चालवायची यावर बंधन आलं. कंपनी वाचली, पण दाव्याला बांधलेल्या बैलासारखी. दोर असेल तेवढंच फिरायचं.

मोर्चा कायदेमंडळाकडं

भाड्याच्या लढाईत जिंकता येत नाही म्हटल्यावर वाट राहिली ती कायद्याची. इतर अनेक देशांत किनाऱ्यावरची वाहतूक त्या त्या देशाच्या जहाजांसाठी राखीव होती. मग भारतात का नको, अशी मागणी पुढं आली.

ही मागणी एकट्या कंपनीनं केली असती तर हा तुमचा धंद्याचा स्वार्थ आहे म्हणून झटकून टाकता आली असती. म्हणून संघटना कामाला लागल्या. मुंबईत भारतीय व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर ही संस्था १९०७ पासून होती. १९२७ साली देशभरच्या व्यापारी संस्थांची मिळून फिक्की झाली. घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास हे तिच्या उभारणीत पुढं होते. त्याच वर्षी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाली, तिची धुरा वालचंदांकडं होती. मुंबईबाहेरच्या व्यापारी-कारखानदाराचा आवाजही वर गेला पाहिजे, हा तिच्यामागचा विचार. पुढं १९३२-३३ साली ते फिक्कीचे अध्यक्ष झाले.

या संस्था नुसती निवेदनं देत नव्हत्या. त्या काळच्या कायदेमंडळात व्यापारी संस्थांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या होत्या. त्यामुळं चेंबरचा माणूस थेट सभागृहात बसायचा. जे सभासद निवडून आले होते त्यांना आकडे, तक्ते, परदेशातल्या कायद्यांची माहिती पुरवायची, समितीपुढं साक्ष द्यायची आणि वर्तमानपत्रांत बाजू मांडायची, अशी कामाची पद्धत होती.

१९२२ साली शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात जहाज धंद्याची चौकशी व्हावी असा ठराव मांडला. त्यातून समिती नेमली गेली. तिच्या १९२४ च्या अहवालात किनारी वाहतूक हळूहळू भारतीय जहाजांसाठी राखीव करण्याची शिफारस आली. सरकारनं मात्र अहवाल दाबून ठेवला. मग १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी या सभासदानं किनारी वाहतूक राखीव ठेवण्याचं विधेयक मांडलं. हाजी यांचा सिंदिया कंपनीशी जवळचा संबंध होता आणि ते कुणापासून लपलेलं नव्हतं. भाड्याच्या त्या परतीच्या सुटीविरुद्धही त्यांनी विधेयक आणलं.

इंचकेप गटही गप्प नव्हता. त्यांच्या संघटना जुन्या आणि त्यांचे लोक सरकारात वरपर्यंत. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या चेंबरांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. व्हाइसरॉय आयर्विन यांनी जानेवारी १९३० मध्ये दोन्ही बाजूंना दिल्लीत एकत्र बसवलं. तिथंही जमलं नाही आणि विधेयक कायदा न होताच राहून गेलं. त्यावर १९३५ च्या कायद्यात अशी कलमं घातली गेली की ब्रिटिश कंपन्यांना आणि जहाजांना वेगळं वागवणारा कायदाच इथल्या कायदेमंडळाला करता येऊ नये. फिक्कीनं आणि वालचंदांनी त्याला विरोध केला, तरी कलमं राहिलीच.

म्हणजे एवढी संघटना, एवढी धावपळ करूनही या बाबतीत हारच पदरी आली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या आगेमागे. परवान्याची रीतसर तरतूद १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात आली. हाजींचं विधेयक आणि हा कायदा यांत तीस वर्षांचं अंतर आहे. वालचंद तोवर हयात नव्हते.

मालखरेदीच्या बाबतीत मात्र संघटनांच्या रेट्याचा उपयोग झाला. टेंडर इथंच, रुपयांत मागवावीत ही भारतीय व्यापाऱ्यांची जुनी मागणी होती. १९३१ पासून सरकारी खरेदीचे नियम त्या दिशेनं बदलले.

साखर, कायदा आणि शेतकरी

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, ऊस. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंदांनी माळरान घेऊन शेती सुरू केली होती. इंदापूर तालुक्यात कळंबजवळची जमीन त्यांच्याकडं आली ती मार्सलंड प्राइस या गोऱ्या ठेकेदार कंपनीमार्फत. ती कंपनीच त्यांनी ताब्यात घेतली. पुढं तिचंच नाव वालचंदनगर इंडस्ट्रीज झालं.

त्या काळी साखर जावाहून बोटी भरभरून यायची. इथला कारखाना टिकत नव्हता. कर मंडळाच्या शिफारशीनंतर १९३२ साली साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि परदेशी साखरेवर जबर जकात बसली. हे एकट्या वालचंदांनी घडवून आणलं असं म्हणता येणार नाही. देशभरचे कारखानदार, शेती खात्याचे जाणकार अशा अनेकांचा त्यात हात होता. पण फायदा घ्यायला वालचंद तयार होते. १९३३-३४ मध्ये रावळगाव आणि वालचंदनगरचे कारखाने सुरू झाले. देशात तीसेक कारखाने होते ते काही वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. एका कायद्यानं एवढा फरक पडला.

इथं एक गोष्ट शेतकरी म्हणून नोंदवावीशी वाटते. कारखान्याला संरक्षण १९३२ ला मिळालं. उसाला किमान भाव ठरवता यावा असा कायदा आला १९३४ ला, तोही भाव ठरवायचा की नाही हे प्रांतांवर सोडून. आधी कारखाना, मग ऊस. कारण कारखानदारांची संघटना दिल्लीत होती आणि ऊस लावणारा बांधावर होता.

जमिनीचीही तीच कथा. खासगी साखर कारखान्यांनी ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या होत्या. १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि कारखान्यांच्या जास्तीच्या जमिनी सरकारजमा झाल्या. १९६३ ला शेती महामंडळ निघालं आणि त्या जमिनी तिकडं गेल्या. मूळ मालक, म्हणजे खंडकरी शेतकरी, कोरडेच राहिले. त्यांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, आमदारांच्या मागं लागले. जमिनी परत मिळायला सुरुवात झाली ती २०१२ च्या सुमारास. दोन पिढ्या त्यात गेल्या. हे सगळं वालचंदांच्या मागं घडलं, तरी त्या काळच्या खंडाच्या करारांशी त्याचं नातं आहे.

आणि शेतकऱ्यांनीही धडा घेतला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचाच सहकारी कारखाना उभा केला. १९५०-५१ ला तिथं गाळप सुरू झालं. आपणही एकत्र येऊ शकतो हे त्यातून दिसलं.

शेवटची वर्षं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वालचंदांनी एकापाठोपाठ एक धाडसं केली. १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या मदतीनं बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. युद्धामुळं सरकारनं तो लवकरच ताब्यात घेतला. आजचं एचएएल ते हेच. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तिथं बांधलेलं ‘जलउषा’ जहाज मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली.

त्याच १९४१ मध्ये पुण्यात ठेकेदारांची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. युद्धाच्या कामांमुळं ठेकेदार वाढले होते आणि कराराच्या अटी, वाढलेले भाव, अडकलेली बिलं हे प्रश्नही वाढले होते. ती संस्था आजही देशभर काम करते आणि तिची गाऱ्हाणी साधारण तीच आहेत : भाववाढीचा फरक मिळावा, वादात त्रयस्थ लवाद असावा, पैसे वेळेवर मिळावेत.

आजारपणानं वालचंद १९५० च्या सुमारास कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं. मूलबाळ नव्हतं. भावांनी आणि पुतण्यांनी पुढचा व्याप सांभाळला.

आज आपल्या तालुक्यात पाहिलं तर मोठ्या बांधकाम कंपन्यांच्या संघटना मुंबई-दिल्लीत पोचलेल्या आहेत. गावातला छोटा ठेकेदार, ज्यानं बायकोचे दागिने ठेवून पाणी योजनेचं नाहीतर रस्त्याचं काम पुरं केलं, तो मात्र बिलासाठी एकटाच चकरा मारतो. आणि ज्यांच्या घामावर काम उभं राहतं त्या गवंड्याचं, बिगाऱ्याचं गाऱ्हाणं तर त्याहूनही उशिरा वर जातं. वालचंद शेठजींच्या बाजूनं पैसा होता, ओळखी होत्या, तरी त्यांना संघटनेशिवाय भागलं नाही. आपल्याकडं तर दोन्ही नाही. छोट्या ठेकेदारांनी, मजुरांनी आणि ऊसवाल्यांनी आपापली संघटना हिशेबाच्या कागदांसह मजबूत केली पाहिजे. नुसत्या घोषणांचं निवेदन टेबलावरच राहतं. वालचंदांच्या वेळी समितीपुढं आकडे ठेवले गेले, तेव्हा निदान शिफारस तरी पदरात पडली होती.